अर्धं पाऊल मागे, कोपर धरून

प्रवासात शेजारच्या बाई हटकून विचारायच्या, "तुम्ही काय करता?" मी सांगायचे, "माणसांना चालायला शिकवते." "अय्या, बालवाडीत का?" "नाही हो, मोठ्या माणसांना. चांगल्या मिशा असलेल्या." मग त्या बाई जरा खिडकीकडे सरकून बसायच्या.

मी खोटं काहीच सांगत नव्हते. नाशकातल्या अंधांसाठीच्या एका छोट्या संस्थेत माझी उभी हयात गेली. अक्षरं शिकवणारे वेगळे होते, खुर्च्या विणायला शिकवणारे वेगळे. माझ्याकडे यायची ती नुकतीच नजर गेलेली मोठी माणसं. काल-परवापर्यंत गाडी चालवणारी, दुकान सांभाळणारी, आणि आता घरातल्या घरात मोरीपर्यंत जायलाही कुणाला तरी हाक मारणारी. त्यांना पुन्हा रस्त्यावर आणायचं, एवढंच माझं काम. आमच्या चर्चच्या नाताळ अंकासाठी त्याबद्दल लिहा असा निरोप आला तेव्हा मी म्हटलं, लिहीन, पण उपदेश करणार नाही. उपदेश करणारे आपल्या मंडळीत पुष्कळ आहेत, आणि त्यातल्याच एकाची ही गोष्ट आहे.

आधी काम समजून घ्या. ते शिकताना पहिल्यांदा आमचेच डोळे बांधले होते आणि आम्हाला भाजीबाजारात सोडलं होतं. मी एका माणसाच्या टोमॅटोत जाऊन बसले. तो जे बोलला ते नाताळ अंकात छापता येणार नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट कळली, की डोळे मिटले की पहिला हल्ला पायांवर होतो. पाय उचलायचे ते घासत चालतात, कारण पुढे जमीन आहे यावर त्यांचा विश्वासच राहत नाही.

मग पांढरी काठी. ती उभी धरली तर छातीच्या हाडापर्यंत यायला हवी. डावा पाय पुढे टाकताना काठीचं टोक उजवीकडे टेकवायचं, उजवा टाकताना डावीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा काठीने आधीच तपासलेली असते. एकाच पावलाची जागा हं, पुढच्या चौकाची नाही. देवळाली कॅम्पचे एक रिटायर्ड सुभेदार माझ्याकडे यायचे. त्यांना हे काही केल्या जमेना, कारण परेडमध्ये ज्या बाजूचा पाय त्याच बाजूला सगळा जोर, अशी सवय जन्माची. कॅम्पातल्या बाजारात त्यांनी निम्म्या गिऱ्हाइकांच्या नडग्या फोडल्या आणि वर दरडावलं, "सामने से हटो!" पण महिन्याभरात ते एकटे जाऊन पाव आणायला लागले. पाव घेऊन दारात उभे राहिले तेव्हा त्यांची बायको हमसून हमसून रडली होती.

काठीच्या आधी मात्र मी कोपर शिकवायचे. आंधळ्या माणसाला रस्ता दाखवताना जवळजवळ सगळे एकच चूक करतात. त्याचा दंड पकडतात आणि त्याला पुढे ढकलतात, हातगाडी ढकलावी तसं. अहो, ज्याला दिसत नाही तो पुढे आणि दिसतं तो मागे, हा कुठला न्याय? खरी रीत अशी. आपल्या हाताची पाठ त्याच्या हाताच्या पाठीला हलकेच लावायची. तो आपलं कोपर शोधतो, कोपराच्या जरा वर धरतो आणि अर्धं पाऊल मागे राहतो. धरायचं त्याने. आपण त्याला धरायचं नाही. त्याला वाटलं तर तो सोडू शकला पाहिजे, नाहीतर ते नेणं नाही, ओढणं झालं. एकदा असं धरलं की बोलावंही लागत नाही. आपण पायरी चढलो की आपलं कोपर वर जातं, उतरलो की खाली. त्याला सगळं कळतं.

आणि एक खूण असते. वाट अरुंद झाली, दोघं शेजारी मावेनात, की नेणाऱ्याने तो हात आपल्या पाठीमागे न्यायचा. त्याचा अर्थ, आता अगदी माझ्या मागे ये, माझ्या पावलात पाऊल टाक. पण नवखा माणूस नेमका तिथेच चुकतो. कोपर जागचं हललं की त्याला वाटतं, यानं हात काढून घेतला. घाबरून तो सोडून देतो आणि सगळ्यात अवघड जागी एकटा उभा राहतो. माझे सगळे विद्यार्थी पहिल्यांदा तिथे सुटले आहेत. सुभेदारसाहेबसुद्धा.

शेवटची परीक्षा त्याहून कडक. विद्यार्थ्याला एका ठिकाणी उभं करायचं, "मी चालले" म्हणायचं, आणि मग आवाज न करता त्याच्या चार पावलं मागे चालायचं. तो चुको, रडो, शिव्या देवो, तोंड उघडायचं नाही. जिवावर बेतलं तरच हात लावायचा. मी स्वभावाने तोंडाळ, हे आमच्या शरणपूरच्या वस्तीत सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा ही परीक्षा त्यांच्यापेक्षा माझीच जास्त असायची.

अशाच एका परीक्षेत, सीबीएस बसस्टँडजवळ, माझी एक विद्यार्थिनी फुटपाथच्या कडेला शांतपणे रहदारीचा कानोसा घेत उभी होती. तेवढ्यात एका रिक्षावाल्याने रिक्षातून उडी मारली, तिचा हात पकडला आणि तिला खेचत पलीकडे नेऊन सोडलं. पुण्य पदरात पडल्याच्या आनंदात तो परत आला. पोरीला रस्ता ओलांडायचाच नव्हता! ती बिचारी पलीकडे गोंधळून उभी. आधी मी तिला परत आणलं आणि मग त्याच्याकडे वळले.

"काय रे, तुला कुणी सांगितलं होतं?"

"आता घ्या! मदतच करत व्हतो ना बाई. मी काय चोरी केली का?"

त्याच्याच गळ्यातल्या मफलरने मी त्याचे डोळे बांधले आणि दंड धरून त्याला फरफटत चार पावलं नेलं. "ओ बाई, पडल ना मी! ओ सोडा ना!" असा तो ओरडायला लागला. भोवती ही गर्दी, इतर रिक्षावाले शिट्ट्या मारताहेत. मग मी त्याच्या हाताला हात लावून कोपर दिलं, दोन थांब्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून नेलं, हात मागे घेऊन दाखवला. तो तिथे सुटलाच. पुन्हा नेलं. मफलर सोडला तेव्हा पठ्ठ्या घामाघूम झाला होता. म्हणाला, "लय अवघड हाय बाई हे. मपल्याला वाटलं, हाताला धरलं का झालं." निवृत्ती त्याचं नाव, दिंडोरीकडचा. पुढे दिसला की लांबूनच हात करायचा, पण जवळ मात्र यायचा नाही.

आता साळवे पाळकसाहेब.

त्यांनी माझं लग्न लावलं होतं आणि माझ्या नवऱ्याला मातीही त्यांनीच दिली होती. आवाज असा, की चर्चच्या शेवटच्या बाकावर पेंगणारा दचकून जागा व्हावा. त्यांचं एक वाक्य आमच्या मंडळीत प्रत्येकाला पाठ होतं. नोकरी गेलेला येवो, मुलगी घरातून गेलेली येवो, साहेब म्हणायचे, "देव कंदील देतो, सर्चलाइट नाही देत. एका पावलापुरता उजेड आहे ना? मग चाल." माझे यजमान गेले तेव्हाही हेच म्हणाले होते, आणि तेव्हा मला ते फार लागलं होतं. धीर देणारं वाटलंच नाही.

निवृत्त झाल्यावरही ते कधीमधी उपासना चालवायचे. काचबिंदूने त्यांची नजर थोडी थोडी जात होती आणि त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. वचनं पाठ, गीतं पाठ, पायऱ्या पाठ, मग कळणार कुणाला? एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी त्यांनी द्राक्षारस ओतायला घेतला आणि तो प्याल्याच्या बाहेर, पांढऱ्या शुभ्र कापडावर पडत राहिला. सगळी मंडळी उभी. कुणी पुढे होईना. साहेबांना कापडाचा ओलेपणा बोटांना लागला तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "आता मला कुणीतरी बाकापर्यंत न्या." इतक्या हळू आवाजात ते कधी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं.

पाळकीणबाई आधीच गेलेल्या. मुलगा सॅम्युअल, म्हणजे त्यांचा सॅमू, बंगलोरला. तो धावत आला. "डॅडी, चला माझ्याबरोबर." साहेब म्हणाले, "मी मुळीच येणार नाही. देवाने मला या वस्तीत ठेवलंय. तुझ्या आईची कबर इथे आहे. मला इथला दगड न् दगड पाठ आहे." मुलगा म्हणाला, "पण तुम्हाला चर्चपर्यंतसुद्धा एकट्याने जाता येत नाही." झालं! साहेबांचा पारा चढला. बापलेकात ठरलं ते असं: साहेबांनी नाताळच्या आत घरापासून चर्चपर्यंत एकट्याने चालत येऊन दाखवायचं. आले तर सॅमूने पुन्हा बंगलोरचं नाव काढायचं नाही. नाही आले तर सामान बांधायचं. आणि शिकवणार कोण? सुमनबाई, म्हणजे मी.

सांगते, असा द्वाड विद्यार्थी मला दुसरा मिळाला नाही. पहिल्याच दिवशी काठी बघून म्हणाले, "ही मी हातात घेणार नाही. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, पाळकाच्या हातात काठी शोभते."

त्यावर थोडे हसले आणि घेतली. पण कोपर धरलं की अर्धं पाऊल मागे राहायचं नाव नाही, माझ्या पुढे! मी मेले मागे ओढली जातेय. "साहेब, दिसतंय मला, आणि पुढे तुम्ही कसे?" तर म्हणायचे, "चाळीस वर्षं मंडळीच्या पुढे चाललोय, सवय जाईना." आणि प्रश्न तरी किती! "पुढे काय आहे? आणि त्याच्या पुढे? तिथून वळण किती लांब? वळल्यावर काय?" पुढचा चौक सांगितल्याशिवाय हे गृहस्थ पाऊल उचलायचे नाहीत. वाट अरुंद झाली आणि मी हात मागे घेतला की दर वेळी सुटायचे. दर वेळी! आणि सुटल्यावर माझ्यावरच ओरडायचे, "सोडून काय देतेस गं?"

एक दिवस माझीही सटकली. "साहेब, जन्मभर आम्हाला कंदील वाटत फिरलात आणि स्वतःला सर्चलाइट हवा होय?"

ते रस्त्यात थांबले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण चेहरा एकदम पडला. "ते दुसऱ्यांना सांगणं सोपं होतं, सुमन," म्हणाले. "मला फार भीती वाटते गं. पाऊल टाकताना पोटात खड्डा पडतो."

मलाही तेव्हा पुढचं काही दिसत नव्हतं. संस्थेने माझा विभाग बंद करायचं ठरवलं होतं. मुलगी वसईहून रोज फोन करायची, "आई, ये ना इकडे." वसईला जाऊन करायचं काय, नातवाच्या शाळेची बस बघत बसायचं? आणि इथे राहून तरी काय? रोज सकाळी मी प्रार्थना करायचे, "प्रभो, रस्ता दाखव," आणि उत्तर म्हणून शेजारच्यांचा मिक्सर ऐकू यायचा. साहेबांना मी हे सगळं तिथेच रस्त्याच्या कडेला, मेंदीच्या कुंपणाशी उभ्याउभ्या सांगितलं. मग त्यांनी माझं कोपर धरलं आणि पहिल्यांदाच अर्धं पाऊल मागे राहिले.

त्यानंतर मात्र त्यांची प्रगती झाली. त्यांची गल्ली, कोपऱ्यावरच्या बेकरीचा वास, मग शरणपूर रोडचा फुटपाथ, सिग्नल, सिग्नलपलीकडे भिंतीची कड धरत जायचं आणि फाटकाच्या लोखंडाला काठी लागली की आत वळायचं. मी ती वाट त्यांच्याकडून घोटून घेतली. परीक्षा रविवारी, उपासनेच्या आधी. शनिवारी संध्याकाळी मी स्वतः सगळा रस्ता बघून आले. आणि माझ्या चपलांचा फटफट आवाज साहेबांच्या ओळखीचा, म्हणून मुद्दाम मऊ तळाच्या नव्या चपला घेतल्या.

रविवारी साहेब पांढरा सदरा घालून दारात तयार. सॅमू चर्चमध्ये जाऊन बसला होता. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "साहेब, मी चालले," आणि चार पावलं मागे झाले.

काय सुरेख चालले हो! काठी डावी-उजवी, ताठ मान. बेकरीपाशी वळले. मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी थांबले आणि हळूच पुटपुटले, "प्रभो, आहेस ना रे?" "आहे" म्हणायचीही सोय नव्हती मला. पदर तोंडात धरून उभी राहिले. ते पुढे निघाले.

सिग्नलला त्यांनी रहदारीचा आवाज थांबू दिला, लोकांची पावलं निघाल्यावर निघाले. मी मागोमाग पाऊल टाकलं आणि माझ्या नव्या चपलेचा अंगठा तुटला. तिथेच अडखळून फुटपाथवर गुडघ्यावर आले. उठेपर्यंत सिग्नल सुटला. एक बस, मग टोमॅटोच्या जाळ्या भरलेल्या पिकअप, एकामागून एक. टोमॅटो माझ्या नशिबालाच आहेत. पलीकडे पांढरा सदरा पुढे जाताना दिसला, आणि मग भिंतीच्या वळणाला दिसेनासा झाला.

हातात चपला घेऊन मी अनवाणी धावले. वळण घेतलं आणि जागच्या जागी थांबले. काल संध्याकाळी होता तो फुटपाथच नव्हता! रातोरात कुणीतरी पाइपासाठी खणून ठेवला होता. भिंतीपासून रस्त्यापर्यंत माणूसभर खोल चर, ना कठडा, ना दोरी, फक्त वरून टाकलेली एक फळी. साहेब कुठेच नाहीत. मी चराच्या काठाशी गुडघे टेकले आणि खाली वाकून बघितलं. तेवढं वाकायला मला किती बळ लागलं ते माझं मलाच माहीत. खाली चिखल होता आणि एक तुटका पाइप. तेवढ्यात चर्चची घंटा व्हायला लागली.

फळीवरून कशी गेले आठवत नाही. फाटकातून आत आले तर साहेब पायरीवर काठी मांडीवर घेऊन बसलेले. शेजारी सॅमू. आणि समोर कुंपणाला टेकून उभा कोण, तर निवृत्ती! त्याची रिक्षा बाहेर उभी होती. मी धापा टाकतेय.

साहेबच म्हणाले, "आलीस? बाम कुठे हरवला होता?"

"कसला बाम?"

"तू गुडघ्याला चोळतेस तो. घरापासून माझ्या मागे मागे येत होता. मला वाटलं, असू दे, बाईंना बरं वाटतंय तर. सिग्नलनंतर वास एकदम गेला. तेव्हा मात्र मी घाबरलो, सुमन. काठी पुढे टाकली तर खाली काहीच नाही! पुन्हा टाकली, डावीकडे टाकली, जमीनच नाही. हाक मारली, तू नाहीस. मग तिथेच उभा राहिलो. मनात म्हटलं, प्रभो, आता माझ्याकडे काहीच पाठ केलेलं उरलं नाही."

"मग?"

"मग कुणीतरी माझ्या हाताच्या पाठीला हात लावला."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आजही हे लिहिताना येतोय. शरणपूर रोडवर रविवारी सकाळी शेकडो माणसं असतील. त्यातल्या कुणीही साहेबांचा दंड पकडून त्यांना ओढलं असतं. फळीवर ओढलं असतं तर दोघंही खाली गेले असते. त्या माणसाने हाताला हात लावला आणि तो वाट बघत थांबला.

निवृत्ती जरा लाजत म्हणाला, "बाई, पलीकडून जात व्हतो. बाबा चराच्या काठाला दिसले. लय भ्या वाटलं. पन म्हनलं, वढायचं नाय. तुमी तव्हा समद्या गावासमोर मपली इज्जत काढली व्हती ना, ते ध्यानात व्हतं. कोपर दिलं. फळीवर दोघं मावंना, मंग हात मागं घेतला. बाबांनी सोडला नाय बघा."

"नाही सोडला," साहेब म्हणाले. "सुमनच्या हाताला शंभरदा सोडला असेल. आज तो हात सोडून दुसरं काही धरायला नव्हतंच. त्याच्या पाठीशी इतका जवळ होतो की त्याचा श्वास ऐकू येत होता. पायाखालची फळी हलत होती. आणि काय सांगू तुला, पोटातला खड्डा गेला. गेलाच. आपण कुठे आहोत, पुढे काय आहे, काही माहीत नाही, आणि भीती नाही. चाळीस वर्षं जे बोलत आलो ते आज पहिल्यांदा झालं मला."

आत पेटीवर कुणीतरी गीताची चाल लावून बघत होतं. सॅमूने डोळे पुसले. "डॅडी, तुम्ही जिंकलात," तो म्हणाला. "आलात तुम्ही. राहा इथेच. मी पुन्हा विषय काढणार नाही."

"एकट्याने यायचं ठरलं होतं," साहेब म्हणाले. "मी एकटा कुठे आलो? हरलो मी. बांध सामान."

"अहो, पण तुम्हालाच तर यायचं नव्हतं!" मी न राहवून म्हटलं.

"नव्हतं. मी म्हणायचो, देवाने मला इथे ठेवलंय. खोटं नव्हतं ते, पण खरं कारण भीतीचं होतं. इथला दगड न् दगड पाठ होता ना मला? आज सकाळी इथलाच रस्ता जागेवर नव्हता. मग बंगलोर काय आणि शरणपूर काय? दोन्हीकडे सारखंच दिसतं मला." आणि असे गडगडून हसले, की आतली पेटी थांबली.

त्या दिवशी उपासनेला निवृत्तीही मागच्या बाकावर बसला होता. कधी उठायचं, कधी बसायचं, याचा त्याला पत्ता नव्हता. तो शेजारच्याकडे बघून उठत-बसत होता.

नाताळ झाल्यावर साहेब निघाले. नाशिकरोड स्टेशनवर सॅमूने सवयीने त्यांचा दंड धरला, तर साहेबांनी हात सोडवून घेतला. "असं नाही, बाळा. कोपर दे. सुमनबाई ओरडतात." गाडीचा दरवाजा अरुंद, म्हणून सॅमूने हात मागे नेला आणि बाप मुलाच्या पाठीशी चिकटून वर चढला. मग दारात वळून उभे राहिले.

"सुमन, तुझं काय ठरलं?"

"काही नाही हो. विभागाला कुलूप लागायचंय. रोज देवाला विचारतेय, रस्ता काही दिसत नाही. आता तर वाटतं, त्यानं हातच काढून घेतला."

"काढून नाही घेतला," ते म्हणाले. "मागे नेलाय. वाट अरुंद असेल. तूच शिकवलंस ना मला? मग आता सोडू नकोस."

गाडी हलली. त्यांना दिसत नाही हे विसरून मी हात हलवत राहिले.

साहेब अजून आहेत. दर रविवारी फोन येतो. "इथल्या कुत्र्यांनासुद्धा मराठी कळत नाही," अशी तक्रार करतात, आणि तिथल्या चर्चपर्यंत काठी घेऊन एकटे जातात. गीतं परक्या भाषेत असली तरी चाली ओळखीच्या आहेत म्हणे.

माझ्या विभागाला कुलूप लागलं. किल्ली देऊन घरी आले आणि ओट्यावर बसून राहिले. देवाशी भांडायचंही त्राण नव्हतं. वसईला जायचं म्हणून बॅग काढून ठेवली होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी दारात रिक्षाचा हॉर्न वाजला. बघते तर निवृत्ती. मागच्या सीटवर एक पन्नाशीचा माणूस, डोक्याला टोपी, नजर कुठेतरी आभाळात.

"बाई, हा मपला चुलतभाऊ. द्राक्षावर औषध मारता मारता डोळ्यात गेलं. सहा महिने झाले, घरातून भायेर पडंना. मी म्हनलं, नाशकात एक बाई हाय, लय वरडती, पन शिकवती."

"अरे, संस्था बंद झाली."

"संस्थेकडं कुठं आलोय? तुमच्याकडं आलोय. रिक्षा हाय ना मपली. तुमी म्हनाल त्या गल्लीत नेतो."

मी त्या माणसाकडे बघितलं. निवृत्तीने रिक्षातून उतरून त्याच्या हाताच्या पाठीला हात लावला होता आणि तो आपणहून धरेपर्यंत मुकाट थांबला होता. तो माणूस उतरला. माझ्या फाटकापासून दारापर्यंतची वाट तुळशीच्या कुंड्यांनी अरुंद झालेली. निवृत्तीने हात मागे नेला. नवखा माणूस, तो तिथे सुटलाच, आणि वाटेच्या मधोमध हात चाचपत उभा राहिला. "सोडून दिलं का रं मला?" तो म्हणाला.

मी चपला न घालताच पायऱ्या उतरले. "नाही हो दादा," म्हटलं, "कुणी सोडलं नाही तुम्हाला. इकडे, अगदी जवळ या," आणि माझ्या हाताची पाठ त्याच्या हाताला लावून उभी राहिले.